ईस्टरपर्यंत एक चाक

बुधवार, १८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.
कपाळाला राख लावून घरी आलो. चहा बिनसाखरेचा. उपवासकाळासाठी दोन निश्चय केले. एक, बढाई मारायची नाही. दोन, गाडीचं चाक एकट्याने, कुणाचीही मदत न घेता बदलायचं.
दुसरा निश्चय खरं म्हणजे बायकोचा, लुईझाचा. जानेवारीत निर्मळला लग्नाला जाताना चाक पंक्चर झालं. मी वाटेत जॅक शोधत राहिलो आणि ही रेशमी साडीत, हातात आहेराची पेटी धरून, दीड किलोमीटर चालत गेली. तेव्हापासून गाडीत बसलेली नाही. आज म्हणाली, ईस्टरपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एक चाक नीट बदलून दाखवा, मी बसेन. नाहीतर गाडी विकायची.
दोन टनांची फोर-व्हील ड्राइव्ह आहे. रिटायर झाल्यावर डोंगर चढायला घेतली. अजून विरारच्या पुढे गेलेली नाही, तो रस्त्याचा दोष.
ईस्टर ५ एप्रिलला. शेहेचाळीस दिवस. मला एक सकाळ पुरे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.
अकरा व्हिडिओ पाहिले. वहीत नियम लिहिले. जमीन सपाट आणि घट्ट हवी. हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा. बाकीच्या चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळे. नट आधी सैल करायचे, मग गाडी उचलायची. उचललेल्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. एकूण नऊ नियम. अक्षर छान आलं. लुईझाला वाचून दाखवले. तिने विचारलं, परीक्षा लेखी आहे का.

रविवार, २२ फेब्रुवारी.
आमच्या आधीच्या छोट्या गाडीचा जॅक माळ्यावरून काढून लावला. जॅक वाकला. गाडीला कळलंसुद्धा नाही. पण जॅकची चाचणी करायचीच होती, ती झाली.

बुधवार, २५ फेब्रुवारी.
वसईहून हायड्रॉलिक जॅक आणला. बाटलीच्या आकाराचा, पाच टनी. दुकानदाराने विचारलं, ट्रक कुठे उभा केलाय. आता अर्धं काम झालंच.
संध्याकाळी डेरिक आला. लुईझाच्या बहिणीचा मुलगा, राजोडीचा. दोन होड्या आहेत त्याच्या. गाडीखाली पाठीवर झोपून बॅटरी मारून पाहत होता. गंज किती आहे, कागद पुरे आहेत का, इंजिन कधी उघडलं होतं का, एकेक विचारत होता. हल्लीच्या पोरांत इतकी जिज्ञासा दिसत नाही. हळूहळू तयार करीन त्याला.

रविवार, १ मार्च. दुपारी १२.
चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अंगणात जॅक लावला. केळींना सकाळीच पाणी सोडलेलं. दांडा मारत गेलो, मारत गेलो. गाडी होती तिथेच. जॅक जमिनीत गेला. लुईझा ओट्यावरून म्हणाली, एक विहीर आहे आपल्याला, दुसरी कशाला. डेरिक हजर होताच. म्हणाला, अंकल, पानी मारलेल्या मातीत जॅक लावता होय? आम्ही होडी उचलताना आधी खाली जाड फळी टाकतो. त्याला समजावलं की होडी आणि गाडी यांत मूलभूत फरक आहे. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. गुणी आहे.

दुपारी ४.
तो गेल्यावर फळी टाकली. नाताळच्या गव्हाणीखालची. मधोमध मोडली.

संध्याकाळी ५.
लुईझा बोलत नाही.

रविवार, ८ मार्च.
आज गाडी उचलली गेली. होय, उचलली गेली. डेरिकने होडीची फळी आणून दिली होती. फळी ही मदत धरत नाही. मागचं चाक चार बोटं वर. मग पाना लावून नट फिरवायला गेलो तर नटाबरोबर चाकच गरगर फिरायला लागलं. नट आधी सैल करायचे, हा नियम चौथा. वही घरात होती. गाडी खाली घेतली. गुडघे दुखत होते म्हणून पुढचं काम ठेवलं. लुईझाने विचारलं, वर नेऊन परत खाली आणली म्हणजे काय झालं. म्हटलं, सराव.

शनिवार, १४ मार्च.
हे लिहू की नको.
नट आधीच सैल केले होते. हँडब्रेक ओढला होता, गिअर टाकला होता. उटीचं राहिलं, कारण विटा लांब होत्या. चाक वर आलं आणि गाडी आपणहून पुढे निघाली. जॅक आडवा पडला. गाडी दोन केळी मोडून तिसरीला टेकली. मी बाजूला होतो, म्हणजे बहुतेक बाजूला.
लुईझा ओट्यावर कोळंबी सोलत होती. तशीच, ओल्या हाताने आली आणि माझा हात धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, तिथे तुमचा पाय असता तर. एवढंच.
डेरिकने येऊन पाहिलं. फोर-व्हीलची छोटी दांडी न्यूट्रलला राहिली होती. ती तिथे असली की गिअर टाकून काही उपयोग नसतो. हँडब्रेकची वायरही ढिली. ती त्याने ताणून दिली आणि होडीखालचे दोन लाकडी ठोकळे ठेवून गेला. दांडीचं मला ठाऊक होतं, फक्त आठवलं नव्हतं.

रविवार, २२ मार्च.
डेरिकने चासी नंबरचा फोटो काढला, आरसी बुकाची झेरॉक्सही नेली. अभ्यासाला असणार. नंतर स्वयंपाकघरात मावशीशी अर्धा तास हळू आवाजात बोलत बसला. मी गेलो तर दोघं गप्प. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. मी काही कळल्याचं दाखवलं नाही.

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार.
मागच्या दारावरची स्टेपनी काढायला गेलो. तीसएक किलो. मी तिला धरली, की तिने मला, सांगता येत नाही. पाठ धरली. लुईझा मलम चोळताना म्हणाली, पुरे करा आता. म्हटलं, सात दिवस आहेत अजून.

शुक्रवार, ३ एप्रिल.
आज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. आज कुणीच काम करत नाही.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.
सगळी तयारी होती. पण पाहुणे, जेवण, त्यात पाठ. अशा दिवशी चाकं काढत बसणं शोभत नाही.
पाहुणे गेल्यावर लुईझाने चष्मा आणि पेन समोर ठेवलं. शेजारी डेरिक, हातात गाडी ट्रान्सफरचे फॉर्म. तर अभ्यास तो हा. लुईझा म्हणाली, त्याला होड्या ओढायला हवी आहे आणि मला तुम्ही धडधाकट हवे आहात. मी म्हटलं, आठ दिवस दे. ती म्हणाली, शेहेचाळीस दिले होते.
तीन ठिकाणी सही केली. अक्षर छान आलं.

बुधवार, ८ एप्रिल. सकाळी ११.
डेरिक गाडी न्यायला आला तर मागचं डावं चाक बसलेलं. खिळा. तो बाह्या सरसावायला लागला. म्हटलं, सरक बाजूला.
सपाट जागा. हँडब्रेक. गिअर. छोटी दांडी पाहिली, दोनदा पाहिली. ठोकळे. नट सैल. फळी, जॅक, गाडी वर. स्टेपनी उचलली नाही, लोळवत आणली आणि पाना खाली घालून चढवली. गाडी खाली, नट घट्ट. एक तास पाच मिनिटं. कुणी हात लावला नाही. लुईझा ओट्यावर उभी राहून सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, जमलं की हो तुम्हाला. मी म्हटलं, त्यात काय. ती म्हणाली, तीन दिवस आधी जमलं असतं तर. आणि तोंड पुसल्यासारखं करून आत गेली, ती साडी बदलूनच बाहेर आली.

रात्री ८.
डेरिकने दोघांना राजोडीला जेवायला नेलं. लुईझा आपणहून पुढे बसली, डेरिकच्या शेजारी. अर्नाळ्याचा फाटा येईपर्यंत एकदाही दाराची मूठ धरली नाही तिने. म्हणाली, गाडी चांगली आहे हो, उगीच नावं ठेवत होते.
मी मागे. इतक्या वर्षांत मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसलो. पाय पसरायला जागा भरपूर आहे. गाडी घेताना हे बघायचं राहून गेलं होतं.