प्रशिक्षणाच्या रकान्यातलं शून्य

चि. पंकजा,

पदोन्नतीसाठी मला ऑनलाइन उजळणी वर्ग करणं भाग होतं. "कॅमेरा बंद ठेवून माझ्या नावानं बस," असं मीच तुला सांगितलं. बोरी गावातल्या तुझ्या घराच्या गच्चीवर रेंज शोधत तू पंधरा दिवस बसलीस, परीक्षाही दिलीस. "सर, ब्याण्णव टक्के! तुमी लय हुशार निघाले की," म्हणून हसलीस.

काल कायम जागेच्या मुलाखतीत अध्यक्षांनी तुला विचारलं, "सहा वर्षं तासिकेवर शिकवताय, आणि प्रशिक्षण एकही नाही?"

तू माझ्याकडे पाहिलंस. "नाही, सर."

समितीत बसून त्या रकान्यात मी शून्य लिहिलं. तुझी जागा दोन गुणांनी गेली.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं तर माझी पदोन्नती जाईल. म्हणून ते त्या वर्गात तू माझ्यासाठी काढलेल्या टिपणांच्या वहीत ठेवतोय. उद्या त्याच वहीतून मला नव्या प्राध्यापकांना शिकवायचं आहे.

तुझ्या प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे तो,
लिंबाजी