मंजूर झालेली बढती रद्द करून वही परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय, पहिला मजला

विषय: वरीलप्रमाणे
संदर्भ: आपले बढतीचे पत्र, दि. १२ मार्च

महोदय,

१. अर्जदार मानवशास्त्र विभागात अकरा वर्षे सहायक प्राध्यापक आहे. रंगाच्या कारखान्यात खोकून बेजार झालेल्या अकरा कामगार बायांचा तिने अभ्यास केला. कारखान्याचे मालक आपल्या व्यवस्थापन मंडळावर आहेत, हे तिला ठाऊक होते. अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

२. बढतीसाठी आपण त्या बायांची खरी नावे 'पडताळणीकरिता' मागितलीत. अर्जदाराने ती दिली नाहीत. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या मावशी तिला म्हणाल्या होत्या, "बाई, नाव तेवढं कुठं लिहू नका हं. घरात कमावती मी एकटीच." म्हणून अभ्यासाच्या टिपणवहीत सगळी टोपणनावेच आहेत. पुढे विभागातील कपाटाचे कुलूप बदलले व वही आपल्या कार्यालयात गेली. अर्जदार निर्धास्त होती. नावे वहीत नाहीतच, बसा म्हणावं शोधत!

३. चूक अर्जदाराचीच. या विषयात पहिल्याच दिवशी शिकवतात, नाव लपवा, जागा टिपा. त्यानुसार वहीच्या पहिल्या पानावर कारखान्यातील खोलीचा नकाशा आहे. कोण कोणत्या हौदाशी उभी राहते, ते क्रमांकासह. धोंडा स्वतःच्या पायावर पाडला असता तर निभावले असते. तो त्या बायांच्या पायावर पडला.

४. सोमवारी क्रमांक एक, म्हणजे मावशी, कामावर आल्या नाहीत. घराला कुलूप आहे, शेजारी दार उघडत नाहीत. मंगळवारी क्रमांक दोन. बुधवारी तीन, आणि त्याच दिवशी बढतीचे पत्र. त्यात "नावांची आता आवश्यकता राहिलेली नाही" असे वाक्य आहे.

५. आज गुरुवार. क्रमांक चारला दोन लहान मुले आहेत. अर्जदार सकाळपासून कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून हा अर्ज लिहीत आहे. चार अद्याप आलेली नाही.

६. तरी बढती, नोकरी, छापलेले लेख, सारे काढून घ्यावे आणि वही व बाया परत द्याव्यात. ते जमत नसल्यास निदान क्रम बदलावा. नकाशात दारालगतच्या स्टुलावर बारावी खूण आहे. टिपणे घेणाऱ्याने स्वतःलाही नकाशात दाखवावे, अशी आमची रीत. चारच्या जागी आज बारावीला न्यावे. ती संध्याकाळपर्यंत फाटकाशीच आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
सहायक प्राध्यापक, मानवशास्त्र विभाग
दि. १३ मार्च

सोबत: १. बढतीचे मूळ पत्र
२. कपाटाची जुनी किल्ली