तीन जणांना कबूल केलेली स्कूटर

मी, रत्नमाला साहेबराव खिल्लारे, वय ७०, सेवानिवृत्त लिपिक, राहणार भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गोळी फक्त बीपीची चालू आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझे पती साहेबराव गेल्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या ७६व्या वर्षी वारले. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षे काम केले. कोणालाही नाही म्हणणे त्यांना जमले नाही. हा कागद त्यामुळेच लिहावा लागत आहे.

कलम १. माझ्या नावावरच्या घराच्या खालच्या दोन खोल्या मुलगा राजेंद्र याला, वरची खोली व गच्ची मुलगी मेघा हिला. पाण्याची टाकी दोघांची.

कलम २. बँकेतील ठेव दोघांना समान. यावर मला आणखी काही लिहायचे नाही.

कलम ३. माझ्या चार बांगड्या सून करुणा हिला. शेवटच्या आजारात साहेबराव फक्त तिच्या हातून औषध घेत आणि तिला हेडनर्स म्हणत.

कलम ४. साहेबरावांची हत्यारांची पेटी राजेंद्रला. तिच्यातला बारा-तेराचा पाना शेजारचे रामकिसन घुगे यांनी नऊ वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला होता. साहेबराव म्हणायचे, "असू दे, त्याच्या घरी पण नट हायेत." तो पाना मी रामकिसनभाऊंनाच देणार होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, आणि भाऊंना साक्षीदार व्हायचेच होते. काल ते पाना घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, हा घ्या. आता करू द्या सही." तरी पाना पेटीत जमा आहे.

कलम ५. स्कूटर. १९९१ सालची, निळी. डावीकडे वाकवल्याशिवाय सुरू होत नाही. साहेबरावांनी तिच्यावरून मुलांना शाळेत, मला ऑफिसात आणि निम्म्या गल्लीला दवाखान्यात पोचवले. एकदा वेरूळहून आम्ही चौघे आणि एक कलिंगड असे आलो.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजी गेल्यावर, राजेंद्रने गाडीवरचे कव्हर काढले.

मेघा म्हणाली, "दादा, हात नको लावू. अण्णांनी मला दिलीय ती."

"मला धाव्वीत असताना कबूल केलती. म्हणले, तुलाच देतो, कुणाला सांगू नको."

"मला पण हेच म्हणले. माझ्या लग्नात."

तेवढ्यात मेघाची मुलगी श्रेया म्हणाली, "मला पण म्हणलेत आजोबा. पण मला नको. तिला चार्जिंगच नाय."

कोणी हसले नाही. मेघा न जेवता गंगापूरच्या जीपमध्ये बसली. त्यानंतर पाच महिने बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांनाही वाटे, दुसरा खोटे बोलतो, नाहीतर अण्णा खोटे बोलले. साहेबरावांची आठवण या घरात अशी राहावी, हे मला मान्य नाही.

या मृत्युपत्रासाठी मी गाडीचे आरसी बुक काढले. त्यावर माझे नाव आहे. गाडी घेताना, आणि पुढे दर पासिंगच्या वेळी, "इथं एक सही कर" म्हणून ते कागद पुढे करत आणि मी करत असे. तीस वर्षे ऑफिसात मी लोकांना सांगितले, वाचून सही करा.

गेल्या रविवारी दोघांना बोलावून पुस्तक समोर ठेवले. राजेंद्रने वाचले आणि मेघाकडे सरकवले. मेघाने दोनदा वाचले.

"दादा, म्हंजे अण्णांनी आईची गाडी वाटली?"

"तिघांला वाटली," राजेंद्र म्हणाला. "लई भारी माणूस."

मग दोघे इतके हसले की करुणा चहा टाकायचा सोडून बाहेर आली.

मालक म्हणून मी ठरवते की साहेबरावांनी दिलेले दोन्ही शब्द खरे धरावेत. श्रेयाने आपला हक्क सोडला आहे. गाडी एक वर्ष राजेंद्रकडे, एक वर्ष मेघाकडे राहील. राजेंद्रला दिलेला शब्द जुना, म्हणून पहिले वर्ष त्याचे. अदलाबदल दर चौदा एप्रिलला सकाळी करावी. देणाऱ्याने टाकी भरून गाडी न्यावी. घेणाऱ्याने देणाऱ्याला मागे बसवून त्याच्या घरी सोडावे आणि तिथे जेवल्याशिवाय परत फिरू नये. फोनवर कळवून भागणार नाही.

बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे कलम मात्र येत्या चौदा एप्रिलपासून, मी असतानाच, सुरू करावे. या वेळी देणारी मी आहे, तेव्हा मागच्या सीटवर मी बसेन. माझे घर इथेच असल्याने राजेंद्रने मला दौलताबादवरून वळसा घालून घरी सोडावे. मेघाने आदल्या दिवशीच मुक्कामाला यावे. पुरणाचे मी बघते.

हे सर्व मी वाचून सही करत आहे.

सही: रत्नमाला साहेबराव खिल्लारे

साक्षीदार:
१. रामकिसन घुगे, शेजारी
२. रूपा वानखेडे, माझ्या ऑफिसातील मैत्रीण

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २० मार्च २०२६