उत्तर भिंतीच्या पन्हळीस एक भोक पाडण्याबाबत

स्केलबेक, यॉर्कशायर
१२ नोव्हेंबर १९५१

प्रति,
मा. सचिव,
धर्मप्रांत वास्तुजतन समिती

विषय: स्केलबेक चर्चच्या उत्तर भिंतीवर नव्याने बसविलेल्या पन्हळीस एक भोक पाडण्याबाबत.
संदर्भ: चर्चच्या दारावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

मी खाली सही करणार एडिथ गॅरबट सविनय कळविते की, आमच्या चर्चच्या उत्तर भिंतीतील कोरीव शिळा हजार वर्षांहून जुनी असल्याचे आपल्या समितीने ठरविले आहे. तिच्यावर द्राक्षवेल, एकमेकांची शेपटी चावणारे दोन प्राणी आणि मधोमध एक उभी आकृती आहे. समितीच्या मते तो कोणी संत आहे. गावच्या बायका तिला बाईच समजतात. पागोळ्यांनी तिचा चेहरा झिजला, म्हणून आपण वळचणीला लोखंडी पन्हळ बसवून घेतलीत. शिळेविषयी माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पाण्याविषयी आहे. मेलेल्या बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही आणि बाप्तिस्म्यावाचून विधिवत दफन होत नाही. आमच्याकडे सुईण अशा बाळाला उत्तर भिंतीलगत वळचणीखाली पुरते. चर्चच्या छपरावरून आलेले पाणी अंगावर पडत राहिले की त्याचा बाप्तिस्मा होतो, असे आम्ही मानतो. जागा फक्त आईला सांगायची, बापाने विचारायची नाही, असा रिवाज आहे. तीस वर्षांपूर्वी माझा मुलगा जन्मला तो रडलाच नाही. तो शिळेच्या डाव्या अंगाला आहे.

पन्हळ बसविणारे विल्फ्रेड गॅरबट हे माझे पती होत. काम उरकून घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "एडी, आता कितीही कोसळू दे, एक थेंब खाली पडायचा नाही!" मी त्यांना चहा दिला.

तेव्हापासून पाऊस थांबलेला नाही आणि ती जमीन कोरडी आहे. मी किटलीने पाणी घालून पाहिले. चर्चची देखभाल करणारे मि. प्रॅट म्हणाले, "काय लावलंय तिथं, बाई? त्या बाजूला काही उगवत नाही." शिवाय ते पाणी विहिरीचे, छपराला न शिवलेले. म्हणून शिडी लावून छपरावर बादली ओतली, तर तेही पन्हळीतून गटारात गेले. मि. प्रॅट यांनी शिडी कुलपात ठेवली आहे. माझे वय पाहता त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण एवढा पाऊस पडत असता तो तहानलेला पडून आहे, हे मला सोसवत नाही.

तरी विनंती की, शिळा चर्चच्या आत हलवून पन्हळ काढावी. ते जमणार नसेल तर तेवढ्या जागी करंगळीएवढे एक भोक पाडावे. शिळेवर शिंतोडा उडाल्यास मी स्वतः येऊन पुसत जाईन. शिळेने हजार वर्षे पाणी झेलले. माझ्या मुलाला अजून किती लागेल, हे मला कोणी सांगू शकलेले नाही.

गावात दुसरा कारागीर नसल्याने हे काम माझ्या पतींकडेच येईल. हुकमात खरे कारण लिहू नये. शिळेच्या सोयीसाठी, एवढेच लिहावे. त्यांनी ती पन्हळ फार मन लावून बसविली आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी, नम्र,
एडिथ गॅरबट