एक्कावन्न किलो

प्रिय मृणाली,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. राहनाळला तुमच्याच ओटीवर बसून लिहितेय, तुझ्या आईच्या, द्रौपदीकाकूच्या, हातात देऊन जाईन. काकू म्हणाली, "गोडाऊनवरशी येतं, जेवतं, निजतं, कोनाशी बोलत न्हाय. काडीच्या काडी हाय अजून." ते ऐकून मला बरं वाटलं. का, ते पुढे सांगते.

आधी बातमी. मी अठ्ठेचाळीस किलोचा गट सोडला. दिवाळीनंतर जिल्ह्याची बॉक्सिंगची निवड चाचणी आहे, त्यात मी एक्कावन्नला उतरतेय. हसू नकोस. शेजारच्या मैनाआत्याने माझे गाल बघून आईला विचारलं, पोरीचं लग्न ठरलं काय. आणि जन्मभर 'जेव गं' म्हणून मागे लागणारी माझी आई आता अंड्यांचा ट्रे कपाटावर लपवते.

वजन वाढवणं सोपं आहे गं. ताकद वाढवायची आणि हात पूर्वीसारखाच चपळ ठेवायचा, तिथे माझी वाट लागली. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, अर्धवट काही जमत नाही. देवेशदादाच्या टेम्पोबरोबर मी दापोड्याला जाऊन सुताच्या गोण्या उचलायला लागले. संध्याकाळी परत क्लबात वजनं. महिन्याभरात दंड असे कडक झाले की मी आरशासमोरून हलेना. मग सरावात करिष्माने, हो, आपल्या ज्युनिअरमधल्या त्याच शेंबड्या करिष्माने, माझ्या तोंडावर ठोशावर ठोसे दिले. ठोसा येताना दिसायचा, पण माझा हात वर येईपर्यंत तो लागलेला असायचा. बुद्धभूषण सर म्हणाले, समोरची पोरगी गोणीसारखी उभी राहणार आहे का? फार लागलं मनाला.

तेव्हापासून सरांनी गोण्या बंद केल्या आणि सगळं उलटं केलं. वजन जड, पण मोजकंच, आणि उचलायचं ते झटक्यात. मध्ये नीट दम खायचा. मग वाळू भरलेला चामडी चेंडू छातीपासून भिंतीवर फेकायचा, आणि फेक जराशी मंदावली की त्या दिवसाचं काम बंद. अंगात जोर शिल्लक असताना थांबायचं. मृणाली, सगळ्यात जड मला हे थांबणंच गेलं. पहिल्या आठवड्यात तर मी रागाने रडले. पण आता माझा डावा हात पुन्हा पूर्वीसारखा सुटतो, आणि आधीपेक्षा जोरात लागतो. करिष्मा हल्ली माझ्यापासून लांब लांब फिरते.

एक्कावन्नमध्ये पडघ्याची रूपा आहे. माझ्याहून वीतभर उंच, मागच्या वर्षीची विजेती. सरावाच्या लढतीत तिने माझं नाक फोडलं. पण शेवटच्या फेरीत तिलाही मागे सरकावं लागलं, पार रिंगच्या दोरापर्यंत. मला तिची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तरी मी तिला हरवणार आहे.

सर अजून विचारतात, जिथे तुला कोणी हात लावू शकत नव्हतं तो गट सोडलासच का? मी सांगितलं, जेवण सुटत नाही. तुला खरं सांगते. मागच्या वर्षी क्लबातून अठ्ठेचाळीसला एकच नाव जाणार होतं, म्हणून आपल्या दोघींना आपसात लढवलं. मी जिंकले. त्याची माफी मी मागणार नाही, आणि तू मुद्दाम हरली असतीस तर तुझ्याशी जन्मात बोलले नसते. पण तू ग्लोव्हज खुंटीला अडकवून गेलीस ती परत आलीच नाहीस. मी त्या वजनात आहे तोवर तू यायची नाहीस, हे कळायला मला बरेच महिने लागले. मग मी खायला बसले. काकूची 'काडी' ऐकून मला का बरं वाटलं, ते आता कळलं ना? अठ्ठेचाळीसला आपल्या क्लबात आज कोणी नाही. नावं शनिवारपर्यंत द्यायची आहेत. तुझे ग्लोव्हज मी उन्हात वाळवून ठेवलेत. उद्या संध्याकाळी ये.

तुझीच,
दीक्षा, वजन किलो एक्कावन्न