खिडकीजवळची खाट

३ फेब्रुवारी

इतके महिने वही उघडली नाही, त्याबद्दल माफी. बोटं सुजली होती हे एक कारण, आणि लिहिण्यासारखं काही घडलं नाही हे दुसरं. दुसरं खोटं आहे. जुन्या हॉस्पिटलात मला ऑपरेशन थिएटरमधून उचलून ओपीडीत बसवलं, तेही अगदी गोड बोलून. त्यांच्या त्या ‘जपा हो स्वतःला’चा मला इतका वीट आला होता, की राजीनामा लिहिताना पेन धरायला दोन हात लागले तरी सही झोकात केली.

आज नवी नोकरी सुरू झाली आणि मी चक्क खुशीत आहे. राहायला हॉस्पिटलसमोरच दोन खोल्या दिल्यात. पलंग कुरकुरतो, समोर वाळत घातलेल्या कपड्यांच्या गच्च्या दिसतात, पण नळ सोडला की कडक गरम पाणी येतं. त्यापुढे बाकी सगळं गौण. रोज सकाळी मुठी उघडेपर्यंत हात गरम पाण्यात बुडवून बसायचं, मग सर्जन व्हायचं. संधिवाताशी माझा संसार असा चाललाय.

इथे कुणाला हे ठाऊक नाही. मुलाखतीत तब्येत कशी असं विचारलं, मी ठणठणीत म्हणाले. हे खोटं बोलणं की शिष्टाचार, यावर येताना बसमध्ये पुष्कळ विचार केला. खोटंच.

हॉस्पिटलच्या प्रमुखांना सगळे थोरले सर म्हणतात. माझी ओळख करून देताना त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, की इथे डॉक्टर आजारपणाची रजा घेत नाहीत. आजारी डॉक्टर म्हणजे भिजलेली काडेपेटी, खिशात ठेवायची कशाला? सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्याने हसले.

७ फेब्रुवारी

इथली माणसं भलतीच धडधाकट आहेत आणि त्याचा त्यांना माज आहे. थोरले सर साठी ओलांडूनही चहात चार चमचे साखर घालतात. फिजिशियन दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढतात आणि आपण धापा टाकत येण्याची वर उभं राहून वाट बघतात. पेशंटविषयी बोलताना दोघांचा सूर असा, की आजार म्हणजे गचाळपणा, नखात मळ असण्यासारखा. मला संताप यायला हवा. पण माझाही तोच सूर लागलाय. काल कण्हणाऱ्या एका आजींना मी नाटकी म्हणाले. मी! जी रोज सकाळी नळाखाली कण्हते.

बायकांचा वॉर्ड माझ्याकडे आहे, कुणाला घरी सोडायचं ती सही माझी. तिथे खिडकीजवळच्या खाटेवर पार्लर चालवणाऱ्या एक बाई आहेत. माझ्या आधीच्या सर्जनने त्यांच्या पित्ताशयातले खडे काढले. जखम केव्हाच भरली, पण घरी सोडायची वेळ आली की काहीतरी नवं निघतंच. आधी साखर वाढली, मग थायरॉइड, मग पायाचा अंगठा टम्म सुजला. जीभ मात्र शाबूत. मला पाहताच म्हणाल्या, अगं बाई, डॉक्टरीणबाई, हे केस कापलेत की कुणाशी भांडण झालं? मुलीकडून कात्री मागवलीय म्हणे, बसा एकदा माझ्यासमोर, मला बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या गोळ्याच अशा, की अधूनमधून रक्त तपासावं लागतं. इथल्या लॅबमध्ये स्वतःच्या नावाने पाठवलं तर संध्याकाळपर्यंत थोरल्यांच्या कानावर. बाहेरच्या लॅबमध्ये पाठवावं तर ती थोरल्यांच्या मेहुण्याची.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दोन दिवस माझी बोटं न्याहाळत होत्या. आज चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, खिडकीच्या नावावर पाठवा ना मॅडम, सगळे तेच करतात. म्हणजे नळीत रक्त आपलं आणि नळीवर नाव त्या खाटेवरच्या पेशंटचं. रिपोर्ट त्या स्वतः आणून हातात देतात, पेशंटच्या फायलीला लागत नाही, कुणाचं काही बिघडत नाही. थोरल्यांची साखर तशीच तपासतात, फिजिशियनचा वातरक्ताने सुजणारा अंगठाही, आणि सिस्टरचा स्वतःचा थायरॉइडही.

मला हसू आवरेना. म्हणजे ही सगळी मिजासखोर मंडळी भिजलेल्या काडेपेट्याच! त्या खुशीत मी दंडाला पट्टा बांधून घेतला. नळीवर पार्लरवाल्या बाईंचं नाव, अक्षर माझं. साखर, थायरॉइड, अंगठा, हा योगायोग घरी आल्यावर लक्षात आला. योगायोगच. दुसरं काही मानायला मी काय अडाणी आहे?

१५ फेब्रुवारी

रिपोर्ट वाईट आहे. रक्तातले सुजेचे आकडे भरपूर चढलेत. आणि आज सकाळी मूठ पलंगावरच उघडली, पाण्याशिवाय.

दोन ऑपरेशनं केली. गाठी इतक्या सफाईने बसल्या की भूल देणारे डॉक्टर मान वर करून बघायला लागले. त्यांना कळू नये म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या. धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, ताई, आवाज किती वेगळा येतोय गं तुझा, प्रेमात-बिमात पडलीस की काय? पडलेय. माझ्या हातांच्या.

२० फेब्रुवारी

दुपारी पार्लरवाल्या बाईंनी धरून बसवलंच. गळ्याभोवती वॉर्डचा टॉवेल, समोर सिस्टरचा छोटा आरसा. वॉर्डातल्या बायका खाटांवरून सूचना देत होत्या, अजून कमी करा, वय लपेल. बाई म्हणाल्या, वय लपवायला माझ्याकडे वेगळे पैसे पडतात. मीसुद्धा हसले.

मग कात्री खाली पडली. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. म्हणाल्या, काय मेलं, सकाळपासून बोटं उघडतच नाहीत, लाकूड झालीत नुसती.

मी त्यांचा हात हातात घेतला. ही पेरं मी ओळखते. इतकी वर्षं रोज सकाळी हीच बघत आलेय.

केस एका बाजूने लांब राहिलेत.

२६ फेब्रुवारी

पुन्हा रक्त पाठवलं. त्यांच्याच नावावर.

स्वतःला सांगितलं, की पडताळणी म्हणून. एकदा घडलं तर योगायोग, दुसऱ्यांदा घडलं तर विचार करू. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती हीच. खरं कारण असं, की काल उजवी करंगळी किंचित दुखली होती. किंचित.

२७ फेब्रुवारी

दुखत नाही. अंगठी घातली, खूप वर्षांनी.

बाईंना झग्याची नाडी बांधता येत नाही.

२ मार्च

सिस्टरना गाठलं. म्हणाले, मी उद्या बाईंना घरी सोडतेय. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, सोडा की. घरी गेल्या तर त्या बऱ्या होतील, आणि ज्याचं त्याला परत मिळेल. मागे एका मऊ मनाच्या डॉक्टरने असंच एकीला सोडलं होतं, तर दुसऱ्या सकाळी थोरले जिन्यात कोसळले. त्या डॉक्टरचं पुढे काय झालं, विचारलं. म्हणाल्या, कुठेतरी ओपीडीत बसतो.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. सगळ्यांनाच. चहात चार चमचे साखर—

घरी सोडण्याचा कागद भरून ठेवलाय. फक्त सही राहिलीय.

४ मार्च

बाईंना आता एका डोळ्याने दिसत नाही. मुलगी आली होती, लग्नाची आहे, आईचीच जीभ घेऊन जन्मलेली. पण आज तिने एकच विचारलं. मावशी, म्हणाली मला, मावशी, आई खडे काढायला आली होती ना हो?

सोमवारी सही करते. शनिवारी मोठं ऑपरेशन आहे, यकृताचं, थोरल्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलंय. त्या पेशंटचाही जीव आहेच की. हा युक्तिवाद मी तीनदा तपासला. कुठे चूक सापडत नाही. म्हणूनच तो मला फार घाणेरडा वाटतो.

७ मार्च

ऑपरेशन झालं. उत्तम. थोरल्यांनी पाठ थोपटली, म्हणाले, आता तुम्ही आमच्यातल्या.

बाईंच्या खाटेजवळून जाताना मी फायलीत डोकं घातलं. पावलांवरून ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, ती बाजू राहिलीय हो अजून.

९ मार्च, सोमवार

सही केली नाही. पुढच्या शनिवारी अजून एक—

१० मार्च

कागद खिशात घेऊन वॉर्डात गेले. पेन काढलं. सिस्टर बघत होत्या. फिजिशियन बघत होते. नुसते हसत होते, जिन्यात वर उभं राहून वाट बघतात तसे—

संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी विसरले.

विसरले नाही.

११ मार्च

गेल्या. सकाळी, राउंडच्या आधी.

मी खोलीत बुटाची लेस बांधत होते. बोटं मिटली. सगळी एकदम. कागद खिशातच—

कॉरिडॉरमध्ये थोरले भिंतीला धरून येत होते, डोळ्यांपुढे अंधारी म्हणे. फिजिशियन एक बूट हातात घेऊन, लंगडत. सिस्टरचे हात थरथरत होते, गळा सुजलेला. सगळे त्या खाटेभोवती उभे. चादर बदललेली. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मुलगी कात्री न्यायला आली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघू शकले नाही असं लिहिणार होते. बघितलं नाही.

दुपारी नवी पेशंट आली. अपेंडिक्स. शाळेत गाणं शिकवते. पोट धरूनही हसत होती, म्हणाली, मॅडम, ती खिडकीजवळची मिळेल का, उजेड छान येतो तिथे. मी हो म्हणाले.

अजून नुसतं हो म्हणालेय. अजून काहीच केलेलं नाही—

किळस येते स्वतःची. आणि किळस येत असतानाही डोळ्यांपुढे शनिवार— पेन मुठीत धरलंय, काठी धरावी तसं, अक्षर बघ कसं—

उद्या: सिस्टरवर सोडायचं नाही. नळीवर तिचं नाव मी स्वतःच लि—