पोटाकडं फिरवलेलं सूत

अव्वा,

तुझ्या हाताची एक सवय माझ्या हातात राहिली होती. ती मोडायची की ठेवायची, या वादात माझं अख्खं वर्ष गेलं. वाद माझाच माझ्याशी, दुसऱ्या कुणाला त्यात रस असायचं कारण नाही. पण तुला सांगितल्याशिवाय तो मिटल्यासारखा वाटेना, म्हणून लिहायला बसले आहे. घरात आत्ता कोणी नाही. तुझे जावई उसाला तोड कधी मिळते ते विचारायला कारखान्यावर गेलेत, म्हणजे चार ओळखीचे भेटणार, चहा होणार, राजकारण होणार, आणि तोडीचं विचारायचं राहूनच जाणार. तेवढा वेळ मला पुरेल.

सवय म्हणजे सूत गुंडाळायची. इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये तू धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरायचीस. मशीनवर कांडी आपली आपण फिरायची, हाताला फारसं काम नसायचं. पण कांड्यांवर उरलेलं, फेकून द्यायचं सूत तू मालकाला विचारून ओच्यात घालून घरी आणायचीस, वाकळ शिवायला. ते मक्याच्या, दाणे काढून उरलेल्या बुरकुंडावर गुंडाळायचं काम माझं. मला ती खोली आजही दिसते. चुलीवर आमटी रटरटते आहे, तुझ्या केसांत कापसाचं पांढरं तूस अडकलंय, आणि मी उंबऱ्यावर बसून माझ्या मनानं दोरा गुंडाळते आहे. तू मागून येतेस, माझ्या हातावर चापट मारतेस. "बा इल्ली," इकडं ये, असं कन्नडमध्ये म्हणून मला ओढून मांडीपुढं बसवतेस. "असं न्हाय गं, पोटाकडं! पोटाकडं फिरव. सूत घरात येऊ दे की, भाईर काय हाकलतीस?" आणि मग तुझे दोन्ही हात माझ्या हातांवर येतात. तुझ्या तळव्यांना मशीनच्या तेलाचा वास आहे. बुरकुंड फिरतं, दोरा पोटाकडं येत राहतो, आणि मला आमटी करपली तरी चालेल असं वाटतं.

तेव्हापासून जे जे गुंडाळलं ते पोटाकडं. लोकर, सुतळी, परकराच्या नाड्या, डेअरीत होते तेव्हा दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्यांना बांधायचा दोरा. मला वाटायचं, सगळं जग असंच गुंडाळतं. तुझी दुसरी काही खूण माझ्याकडे नाही, हे तुला माहीत नसेल. तुझा एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात तू नेमकी शिंकताना आली आहेस. तुझी साडी काकूनं नेली. नाक आणि रंग मी अप्पांचा घेतला, राग मात्र तुझा, पण राग काही कुणाला काढून दाखवता येत नाही. दाखवायचा नसताना तो आपोआप दिसतो, ते वेगळं.

तर डेअरीतून निवृत्त झाले आणि हात रिकामे झाले. भाचीनं रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल मागितले, ते मोबाईलवर शोधता शोधता एक वेगळीच लेस दिसली. आपण मीटरवर विकत आणतो ती नव्हे. जाडजूड उशी, तिच्यावर नक्षी टोचलेला पुठ्ठा, टोचलेल्या भोकांत टाचण्या, आणि बोटाएवढ्या लाकडी काड्यांना गुंडाळलेला दोरा. त्या काड्या म्हणजे बॉबिन. जोडीजोडीनं लोंबत असतात. हात दोनच गोष्टी करतात: एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडायचा, किंवा दोघांना पीळ द्यायचा. सुई नाही, माग नाही, आणि तरी कापडाहून नाजूक काही तरी तयार होतं. व्हिडिओत बाईचं तोंड दिसत नव्हतं, नुसते हात. स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या, कुठल्या तरी थंड देशातले म्हातारे हात. अव्वा, मी जेवायची थांबले होते. ताटातली भाकरी वाळून गेली.

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दुसऱ्याच दिवशी लाटणी, पोळपाट करणाऱ्या काताऱ्याकडे गेले आणि कागदावर बॉबिनचं चित्र काढून दाखवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढ्या बारक्या लाटण्या? मुंग्यांस्नी चपात्या लाटायच्या हाईत काय वो ताई?" दुकानातले सगळे हसले, मीही हसले, पण त्यानं करून दिल्या छान. उशी मी जुन्या नऊवारीत लाकडाचा भुस्सा ठासून घरीच केली. व्हिडिओवर म्हणायचे, एका तासात शिका. म्हणजे पी हळद नि हो गोरी! मी तो एक तास अर्ध्या गतीनं, पाव गतीनं, थांबवून थांबवून पाहिला, आणि माझ्या उशीवर जे झालं त्याला गुंता म्हणणंसुद्धा गुंत्याचा अपमान होता.

तेव्हा कळलं की शिरोलीच्या बाजूला एक बाई रविवारी सकाळी ही लेस शिकवते. कन्याकुमारीकडची, लहानपणी मिशनच्या सिस्टरांकडे शिकलेली. यजमान इथं फौंड्रीत लागले म्हणून आली आणि कोल्हापूरकर झाली. सगळे तिला अक्का म्हणतात. तिच्या भाषेतही अक्का म्हणजे थोरली बहीण आणि आपल्यातही, त्यामुळे मला ती पहिल्या दिवशीच घरची वाटली. तिच्या गॅलरीत आम्ही चार-पाच बायका मांडीवर उशा घेऊन बसतो. माझ्या शेजारी बँकेत नोकरी करणारी एक मुलगी असते, माझ्या लेकीच्या वयाची. ती मला काकू म्हणते आणि माझ्या टाचण्या चोरते.

इथं माझी फजिती सुरू झाली. ओलांड, पीळ, ओलांड, पीळ, हे मला चटकन जमलं. अक्का म्हणाली, "हात तयार हाय तुमचा, आधीपासनं दोऱ्यातला." मी फुगले. पण माझा दोरा तुटायचा. सगळ्यांचा तोच दोरा, एकाच दुकानातला, आणि तुटायचा फक्त माझा. आधी तो विसविशीत व्हायचा, त्याचे पदर सुटे व्हायचे, आणि टाचणीपाशी नेला की गेला. मी दुकानदाराशी भांडले. टाचण्या बदलल्या. चष्मा बदलला. हात खरखरीत झाले असतील म्हणून खोबरेल लावलं, तर लेसला तेलाचे डाग पडले आणि अक्कानं कपाळावर हात मारला. सगळ्यांच्या पट्ट्या बोटाबोटानं वाढत होत्या आणि माझी पट्टी दर रविवारी कात्रीनं कापावी लागायची. परत येताना रिक्षात मी मनाशी म्हणायचे, वय झालं तुझं, जा घरी आणि लोणची घाल.

बँकेतल्या मुलीनंच तोड काढली. जगभरातल्या लेसवाल्या बायकांचा एक गट आहे मोबाईलवर, त्यात तिनं माझ्या हातांचा व्हिडिओ घालून विचारलं, काकूंचा दोरा का तुटतो? व्हिडिओ अगदी सुरुवातीपासून घेतला होता, मी बॉबिनवर दोरा भरते तिथपासून. दोन दिवसांनी कुण्या परक्या बाईचं उत्तर आलं. तिनं फार काही लिहिलं नव्हतं. माझ्याच व्हिडिओवर एक लाल बाण काढून पाठवला होता, माझा हात फिरतो त्याच्या बरोबर उलट्या दिशेला. या दोऱ्याचा पीळ एका बाजूचा, मी गुंडाळते दुसऱ्या बाजूनं, त्यामुळे काम करताना तो पीळच सुटत जातो. एवढंच होतं. सगळे बाहेरच्या बाजूनं भरत होते आणि मी पोटाकडं.

पण मी बाणाकडे पाहत नव्हते, अव्वा. आपला हात आपण नेहमी आपल्या डोळ्यांनी, आपल्या बाजूनं पाहतो. हा व्हिडिओ समोरून घेतलेला होता. अंगठा किंचित वाकलेला, करंगळी बाहेर काढलेली, आणि प्रत्येक वेढ्याला मनगटाला एक छोटा झटका. कधी तू स्वतः गुंडाळायला बसलीस की उंबऱ्यावरून मला समोरून दिसायचा, तो हात होता तो. इतकी वर्षं तुझा चेहरा आठवायला मला त्या शिंकेच्या फोटोपासून सुरुवात करावी लागत होती, आणि तू तर इथं होतीस, मोबाईलच्या काचेत, बॉबिन भरत. मी मुलीला म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. तिनं विश्वास ठेवला नाही, पण पदर दिला.

पुढं चार रविवार मी क्लासला गेले नाही. घरी मात्र रोज भरायची, पोटाकडंच, आणि दोरा रोज तुटायचा. तुझे जावई दारात उभे राहून बघायचे. शेवटी म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय बघ तुझा." मी म्हटलं, पीळ गेला म्हणूनच तर तुटतोय! त्यांना काही कळलं नाही, त्यांनी चहा मागितला. खरं म्हणजे मला साधी भीती वाटत होती. लेस हवी तर हात बदलायला हवा, आणि हात बदलला तर तुझं माझ्याजवळ काय राहिलं? एवढ्याशा दोऱ्यासाठी आईला कोण घालवतं? असं मी स्वतःला विचारायची आणि स्वतःवरच चिडायची, कारण लेससुद्धा मला सोडवत नव्हती. रोज दुपारी त्या स्वेटरवाल्या हातांचा व्हिडिओ लावून बसायची.

पाचव्या रविवारी क्लास आटोपून अक्काच दारात. हातात माझी विसरलेली कात्री. चहा झाला, पाऊसपाणी झालं, मग तिनं सरळ विचारलं, "भांडलाय काय माझ्यासंगं?" मी तिला सगळं सांगितलं. तू, बुरकुंड, चापट, सगळं. मला वाटलं होतं, समजूत घालेल, डोळे पुसेल. तर ती म्हणाली, "तुमची आई कशासाठी सूत भरायची?"

"वाकळ शिवायला."

"मग वाकळ तुटली काय कधी?"

"न्हाय. अजून हाय एक."

"मग आईचं बरोबर हाय की. वाकळंला ते चालतंय. लेसला न्हाय चालत. आईनं वाकळ शिकवली, लेस मी शिकवतोय. माझं काम तिच्यावर कशाला ढकलताय?" आणि माझ्या हातावर चापट मारली. खरंच मारली, अव्वा, चांगली सणसणीत. या वयात मला कुणी हातावर मारलं नव्हतं.

मग मी हात बदलायला बसले. सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी डाव्या हातानं जेवायला बसल्यासारखी गोंधळलेली असायची. लक्ष दिलं तर हात सरळ जायचा, जरा कुकरची शिट्टी झाली की वळला पोटाकडं. भरलेला बॉबिन सोडवायचा, परत भरायचा. बँकेतली मुलगी समोर बसून "काकू, उलटा!" असं ओरडायची, मग मीच तिच्या आधी ओरडायला लागले. गटातल्या त्या परक्या बाईला मुलीनं कळवलं, तर तिनं स्वतःच्या हातांचा व्हिडिओ पाठवला, खास माझ्यासाठी, अगदी सावकाश भरतानाचा. मध्येच तिचं मांजर उशीवर चढलं आणि तिनं आपल्या भाषेत त्याला शिवी घातली. शब्द कळला नाही, सूर कळला. इचलकरंजीच्या शेडमध्ये मांजर सुतात शिरल्यावर तू याच सुरात ओरडायचीस.

दोरा तुटायचा थांबला. एवढं मोठं काही घडलं नाही जणू, नुसता तुटायचा थांबला. पट्टी बोटभर झाली, वीतभर झाली. साधीच नक्षी, काठाला एक एक पाकळी. शेवटच्या टाचण्या काढायच्या दिवशी गॅलरीत सगळ्या माझ्याभोवती. टाचण्या काढल्या की लेस टिकते की विस्कटते ते कळतं, तोवर सगळा भरवसा टाचण्यांवर असतो. मी एक एक काढत गेले. ती पट्टी उशीवरून उचलली आणि ती तशीच राहिली, पाकळ्यांसकट, हलकी, माझ्या तळहातावर. अक्कानं ती उन्हात धरून पाहिली आणि एकच शब्द म्हणाली, "झालं." त्या दिवशी मी सगळ्यांना जिलेबी चारली. भाचीला रुमालांच्या ऐवजी ही पट्टी देणार होते, पण देववत नाही. तिच्यासाठी दुसरी घेतली आहे करायला, रुंद, अवघड. पुढच्या रविवारपासून दोन नव्या बायका येणार आहेत आणि त्यांना बॉबिन भरायला मी शिकवायचं, असं अक्कानं ठरवून टाकलंय. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आढेवेढे घेऊन हो म्हटलं असतं.

परवा पाऊस येईलसा वाटला म्हणून अंगणातली कपड्यांची दोरी काढली. काढता काढता तुझ्या जावयांशी भांडत होते, कशावरून ते आता आठवत नाही. दोरीचा गुंडा पुरा झाल्यावर माझं लक्ष गेलं. हात आपणहून बाहेरच्या बाजूनं फिरला होता. मी दोरी सोडवली आणि पोटाकडं गुंडाळून पाहिली. जमतं अजून, पण आठवून आठवून. मला वाटलं होतं, हा दिवस आला की मी ऊर बडवून रडेन. पायरीवर बसून मी वाटही पाहिली रडण्याची. अव्वा, मला रडू आलं नाही. मला आनंद झाला. साठीला आलेला हात, आणि तो नवं शिकला. तुझ्यापेक्षा मी वयानं मोठी झाले त्याला किती वर्षं झाली, पण तुझ्याहून वेगळी आहे असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते बरं वाटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही ते तर आहेच. पण तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तू कन्नड शाळेत गेलेली, आणि मला कन्नड नुसतं बोलता येतं. म्हणजे तुझ्यापुढं बसून मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, एक एक ओळ, आणि तू भाकरी थापता थापता हुंकार दिला असतास. मी सगळं वाचलं असतं. दोरी काढल्याचंसुद्धा वाचलं असतं. फक्त त्यापुढं मला आनंद झाला ते लिहिलंय ना, तेवढं गाळून पुढं गेले असते.